हॉलची एक भिंत: मोरपिशी की विटकरी? (गणपतीच्या आधी रंग काढायचाय)

विक्रोळी_पूर्व

नमस्कार मंडळी. कन्नमवार नगरमधल्या फ्लॅटच्या हॉलला रंग काढायचाय. तीन भिंती आणि छत फिकट, एका भिंतीवर गडद रंग, इथपर्यंत घरात एकमत आहे. पुढे गाडी अडलीय. एक गट गडद मोरपिशीच्या बाजूने, दुसरा विटकरीच्या.

हॉल १० बाय १६ फूट, उंची ९ फूट. खिडकी एकच, उत्तरेच्या १० फुटी भिंतीत, ६ बाय साडेचार. तिच्यासमोरची दक्षिणेची १० फुटी भिंत कोरी, पलीकडे बेडरूम. पश्चिमेची १६ फुटी भिंत बाहेरची, तिला लागून राखाडी सोफा. पूर्वेला मुख्य दार आणि किचनकडे जायची मोकळी जागा. लादी आयव्हरी व्हिट्रिफाइड, दारं सागवानी व्हेनियरची. दिवे म्हणजे ६५०० केल्विनच्या, म्हणजे थंड पांढऱ्या उजेडाच्या, दोन ट्यूब. समोरच्या इमारतीचं रिडेव्हलपमेंट चालू असल्याने खिडकीसमोर हिरवी जाळी लागलीय.

सोफ्यामागच्या पश्चिमेच्या भिंतीवर गडद रंग द्यायचा विचार आहे. कोणता घ्यावा, किती लागेल, आणि गणपतीच्या आधी उरकेल का?

खडूस_मुलुंडकर

शेड राहू द्या, आधी भिंत बदला. मुंबईत पाऊस नैऋत्य-पश्चिमेकडून झोडपतो आणि तुम्ही नेमकी तीच भिंत गडद करायला निघालात.

बाहेरच्या गिलाव्याला केसासारखी भेग असली तरी जून ते सप्टेंबर पाणी मुरत राहतं. फिकट भिंतीवर त्याचा पिवळसर डाग पडतो, तो सोफ्यामागे खपून जातो. गडद भिंतीवर तेच पाणी वाळताना सिमेंटमधले क्षार पृष्ठभागावर आणून सोडतं आणि पांढरी पूड दिसते. मोरपिशीवर ती दारातून दिसते, विटकरीवरही लपत नाही. पुसली तर पुसल्याचा चट्टा राहतो, वरून रंग मारला तर महिन्याभरात फुगा येऊन पोपडा निघतो. आतून कितीही महागडा वॉटरप्रूफ प्राइमर मारा, पाणी बाहेरून येतंय तोवर तो फक्त पोपड्याची जागा बदलतो.

तरीही तीच भिंत हवी असेल तर साधी चाचणी करा. २ बाय २ फुटांचा जाड प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारी बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवा आणि २४ तास ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, दव साचलं तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला साचलं तर ती हवेतली. स्कर्टिंगच्या वर फूटभर, बीमच्या खाली आणि कोपऱ्यात, अशा तीन ठिकाणी लावा. एकाच ठिकाणी लावून "भिंत कोरडी आहे" म्हणू नका. आणि पावसाळ्यातच करा, एप्रिलमध्ये सगळ्याच भिंती साधूसंत असतात.

मोजपट्टी

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण कारण माझ्याकडे वेगळं आहे: उजेड.

प्रत्येक शेडला एल.आर.व्ही. असतो. त्या रंगावर पडलेल्या उजेडातला किती टक्के परत येतो, तो आकडा. चांगल्या ब्रँडच्या संकेतस्थळावर किंवा फॅन डेकच्या (शेड कार्डांच्या जुडग्याच्या) पट्टीमागे तो मिळतो. ऑफ-व्हाइट साधारण ७५, छताचा पांढरा ८५, मधल्या गडद विटकरीचा १८ च्या आसपास, गडद मोरपिशीचा १० किंवा त्याखाली.

आता तुमचा हॉल. भिंती ५२ फूट घेर गुणिले ९, म्हणजे ४६८. दार, खिडकी, मोकळी जागा मिळून ८० वजा, राहिले ३८८ चौ. फूट. छत १६०, लादी १६०. आयव्हरी लादी ५० टक्के उजेड परत देते असं धरू. सगळ्या भिंती फिकट असताना खोलीची सरासरी परावर्तकता ०.७२ येते. भिंतीभिंतींवर आपटून खोलीत फिरणारा उजेड १ भागिले (१ वजा सरासरी) या प्रमाणात बदलतो. त्या हिशेबाने:

दक्षिणेची १० फुटी भिंत मोरपिशी केली तर हा फिरता उजेड सुमारे २३ टक्के कमी होतो, विटकरी केली तर २० टक्के.
पश्चिमेची १६ फुटी भिंत मोरपिशी केली तर ३२ टक्के, विटकरी केली तर २९ टक्के.

फर्निचर आणि पडदे यात धरलेले नाहीत, त्यामुळे आकडे ढोबळ समजा. तरी मुद्दा स्पष्ट आहे. रंग बदलून ३ टक्क्यांचा फरक पडतो, भिंत बदलून ९ टक्क्यांचा. घरात ज्यावर भांडण चाललंय तो प्रश्न दुय्यम आहे.

दुसरं म्हणजे दक्षिणेची भिंत खिडकीच्या थेट समोर आहे. उजेड तिच्यावर सरळ पडतो, त्यामुळे रंग खरा दिसतो. खिडकीला काटकोनात असलेल्या लांब भिंतीवर उजेड तिरका सरकत जातो. खिडकीजवळ एक रंग, १६ फुटांवर दुसरा, आणि मध्ये पुट्टीची प्रत्येक लाट उघडी पडते.

अवांतर: उत्तरेच्या खिडकीत ऊन येतच नाही असं नाही. मुंबईत साधारण १५ मे ते २७ जुलै या काळात भर दुपारचा सूर्यसुद्धा डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ तिरकं ऊन आत येतं. पुढे ढगच असतात म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

गिरगाव_ते_घाटकोपर

वाचनखूण साठवली. ते २३ आणि ३२ टक्के घरी दाखवतो.

पुट्टी_प्राइमर

रंगाचं प्रमाण विचारलंय म्हणून लिहितो, पण त्याआधी या दोन रंगांच्या स्वभावातला फरक. शेड कार्डावर दोन्ही सारखेच गडद दिसतात, भिंतीवर वागतात वेगळे.

विटकरी रंग मुख्यतः लोखंडाच्या ऑक्साइडपासून बनतो, लाल, पिवळं आणि थोडं काळं. हे ऑक्साइड अपारदर्शक असतं, खालचा पृष्ठभाग चटकन झाकतं. उन्हाला आणि सिमेंटच्या क्षारालाही दाद देत नाही. दोन हात, फार तर तिसरा, काम झालं.

मोरपिशीत निळं आणि हिरवं थॅलोसायनिन नावाचं रंगद्रव्य असतं. टिकाऊपणात तेही उत्तम, उडत नाही. पण ते पारदर्शक असतं. गडद शेड असल्यामुळे दुकानदार मशीनवर ती डीप किंवा ॲक्सेंट बेसमध्ये, म्हणजे ज्यात रंगद्रव्य मिसळून शेड बनते त्या मूळ रंगात, बनवतो, आणि या बेसमध्ये झाकणारं टायटॅनियम डायऑक्साइड नावापुरतं असतं. परिणामी पांढऱ्या प्राइमरवर थेट मोरपिशी मारला तर दोन हातांनंतरही रोलरच्या पट्ट्यांतून पांढरं डोकावतं. पेंटर मग चौथा हात मारतो, किंवा मारत नाही आणि "वाळल्यावर बसेल साहेब" म्हणतो. बसत नाही.

यावर उपाय म्हणजे राखाडी अस्तर. पांढऱ्या वॉटर प्राइमरच्या शेवटच्या हातात काळा स्टेनर, म्हणजे मिसळायचा दाट रंग, घालून मध्यम राखाडी करायचा. स्टेनर थेंबाथेंबाने घाला आणि भरपूर ढवळा. जास्त झाला तर प्राइमरचा थर कच्चा राहतो, नख लावलं की निघतो. त्यापेक्षा सोपं म्हणजे स्वस्तातल्या इमल्शनचा एक लिटर दुकानातूनच मध्यम राखाडी करून आणायचा. राखाडीवर मोरपिशी दोन ते तीन हातांत बसतो. विटकरीला राखाडी नको, मळकट होतो. त्याला बिस्किटी किंवा फिकट गुलाबीसर अस्तर पुरतं, पांढरंही चालतं.

आता हिशेब. गुळगुळीत पुट्टीवर चांगलं इमल्शन एका हाताला लिटरमागे साधारण २४० चौ. फूट जातं. दक्षिणेची भिंत ९० चौ. फूट. तीन हात म्हणजे २७०, म्हणजे १.१ लिटर. रोलर-ट्रेमध्ये जाणारं आणि पुढच्या टचअपचं धरून मोरपिशीचे १ लिटरचे दोन डबे घ्या. विटकरी दोन हातांत बसला तर पाऊण लिटर, तरी दोनच घ्या. टिंटिंगच्या बेसचा डबा काठोकाठ भरलेला नसतो, स्टेनरसाठी जागा सोडलेली असते. "एक लिटर" हातात पडतं तेव्हा ते बरेचदा लिटरपेक्षा कमीच असतं.

फिकट तीन भिंती २९८ चौ. फूट, दोन हातांना अडीच लिटर, ४ लिटरचा डबा. छताला १.३ लिटर, दोन लिटर आणा. वॉटर प्राइमर एका हाताला भिंती आणि छत मिळून ५४८ चौ. फुटांना चार-साडेचार लिटर.

पुट्टीचं मात्र जुन्या रंगावर अवलंबून. जुना थर घट्ट असेल तर ५ ते १० किलोत भेगा आणि खड्डे भरून होतात. जुन्या डिस्टेंपरवर बोट फिरवल्यावर पांढरं लागत असेल, तर पूर्ण खरवडून नव्याने दोन हात लांबी (पुट्टी) भरावी लागेल. तेव्हा ४० किलोची गोणी आणि वर ५ किलोची पिशवी धरा. सिमेंटची पांढरी पुट्टीच घ्या. ॲक्रिलिक पुट्टी हाताला लोण्यासारखी लागते, पेंटरला आवडते, पण ओल लागली की मऊ पडते.

दिवाबत्ती

सगळे भिंतीबद्दल बोलताहेत, खिडकीबाहेरच्या जाळीबद्दल कोणीच नाही. ती हिरवी जाळी तुमच्या निर्णयात ढवळाढवळ करतेय.

जाळीतून गाळून येणारा दिवसाचा उजेड हिरवट असतो. त्या उजेडात मोरपिशी खुलतो आणि विटकरी तपकिरी, मरगळलेला दिसतो. घरात मोरपिशीला जास्त मतं पडत असतील तर त्यातली काही त्या जाळीची आहेत. उद्या जाळी उतरेल, समोर उंच इमारत उभी राहील आणि तिच्या भिंतीवरून परतलेला उजेड आत येईल. पावसाळ्यात समोरच्या पत्र्यांवर निळी ताडपत्री अंथरली असेल तर तेच, फक्त निळ्या बाजूने. म्हणून शेडचा नमुना एकदा गच्चीवर, मोकळ्या आकाशाखाली, सावलीत धरून बघा. तो मूळ रंग. मग हॉलमध्ये बघा. फरक किती पडतो ते कळेल.

आता रात्र. नोकरदार घरात हॉल खरा वापरला जातो तो संध्याकाळी ७ ते ११. म्हणजे या भिंतीचा रंग तुमचा दिवा ठरवणार.

६५०० केल्विनच्या ट्यूबखाली विटकरी थंड, किंचित जांभळट पडतो. मोरपिशी निळ्याकडे झुकतो आणि कडक दिसतो. ३००० केल्विनखाली, म्हणजे पिवळसर उजेडात, विटकरी उबदार होतो, मोरपिशी हिरव्या-काळ्याकडे जातो, त्यातली निळाई मरते. ४००० केल्विनला दोघेही शहाण्यासारखे वागतात. दोन गटांत तह करायचा असेल तर आधी ट्यूब बदला आणि मग मतदान घ्या.

अजून एक आकडा बघायचा तो सी.आर.आय., म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप. साध्या एलईडीचा ८० च्या आसपास असतो आणि त्यात गडद तांबड्याचा भाग कमी पडतो. मार विटकरीलाच बसतो. सी.आर.आय. ९० किंवा वरचे दिवे घ्या. लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, गेलात तर "९० सीआरआय" असं स्पष्ट मागा आणि खोक्यावर छापलेला आकडा वाचून घ्या. नुसतं "चांगला लाइट द्या" म्हणालात तर जास्त वॅटचा मिळेल. एकाच भिंतीवर ६५०० ची ट्यूब आणि ३००० चा कोव्ह लाइट (छताच्या खोबणीतला) एकत्र पाडू नका, भिंत मधोमध दोन रंगांची दिसते.

फॉल्स सीलिंगमधले डाउनलाइट गडद भिंतीपासून दोन-अडीच फूट लांब ठेवा. सहा इंचांवर लावले की भिंतीवर कमानी उमटतात आणि पुट्टीचे सगळे उंचवटे सावल्या टाकतात.

विक्रोळी_पूर्व

बापरे. भिंतीचा मुद्दा पटला, दक्षिणेचीच घेतो. जाळीचं खरंच लक्षात आलं नव्हतं.

नमुन्याचे २०० मिलीचे छोटे डबे मिळतात असं दुकानदार म्हणाला. दोन्ही आणून भिंतीवर शेजारी शेजारी पट्टे मारून बघू का?

सावली_आणि_प्रकाश

डबे आणा ताई/दादा, पण भिंतीवर मारू नका आणि शेजारी शेजारी तर नकोच.

भिंतीवर मारलेल्या पट्ट्याच्या कडेला रंगाचा उंचवटा राहतो. पॉलिश पेपरने घासला नाही तर नव्या रंगाखालूनही तो चौकोन तिरक्या उजेडात दिसतो. शिवाय जुन्या रंगावर मारलेला नमुना खालच्या रंगाने बदलतो.

त्याऐवजी स्टेशनरीच्या दुकानातून जाड पांढरे ड्रॉइंग पुठ्ठे घ्या, मोठ्यात मोठ्या आकाराचे. कडेला दोन इंच पांढरी पट्टी मोकळी सोडा, म्हणजे डोळ्याला पांढऱ्याचा संदर्भ राहतो. छोट्या रोलरने दोन हात द्या, मध्ये चार तास वाळू द्या. ओल्या रंगावर मत बनवू नका, इमल्शन वाळल्यावर गडद होतं. पुठ्ठा वळला तर मागून टेपने सरळ करा.

मग तो भिंतीवर उभा लावा. जमिनीवर आडवा ठेवला तर छताचा उजेड पडून रंग फिकट दिसतो. एका वेळी एकच. दोन विरुद्ध रंग शेजारी ठेवले की एकमेकांना चढवतात. विटकरी जास्त लाल दिसतो, मोरपिशी जास्त निळा-हिरवा, आणि तुम्ही अशा दोन रंगांमध्ये निवड करता जे प्रत्यक्ष भिंतीवर कधीच असणार नाहीत. मोरपिशी दोन दिवस, मग विटकरी दोन दिवस. सकाळी, भर दुपारी, दिवे लावायच्या वेळी आणि रात्री. प्रत्येक वेळी सोफ्याची उशी आणि लादीचा एखादा तुकडा जवळ ठेवून.

पुठ्ठ्यावर जो आवडला त्याच्यापेक्षा किंचित मातट, किंचित धूसर शेड घ्या. ९० चौ. फुटांवर रंग पुठ्ठ्यापेक्षा भडक वाटतो. कार्डाच्या पट्टीवरच्या दोन इंची चौकोनाबद्दल तर बोलायलाच नको.

खडूस_मुलुंडकर

+१. आणि दुकानदाराच्या मोबाइलवर भिंत रंगवून दाखवणाऱ्या ॲपवर विश्वास ठेवू नका. स्क्रीन स्वतः उजेड टाकते, भिंत टाकत नाही.

माहीम_खाडी

मी मोरपिशीच्या बाजूने. इथे सगळे विटकरीकडे झुकताहेत म्हणून मुद्दाम.

तुमची दारं सागवानी पॉलिशची आहेत, म्हणजे नारिंगी-तपकिरी. विटकरी त्याच कुटुंबातला. शेजारी आला की दार आणि भिंत एकमेकांत मिसळतात, पॉलिश जुनं वाटायला लागतं. मोरपिशीसमोर तेच सागवान उठून दिसतं, कारण निळा-हिरवा आणि नारिंगी समोरासमोरचे रंग. राखाडी सोफाही मोरपिशीसोबत बरा, विटकरीसमोर राखाडी कापड निळसर वाटायला लागतं. टीव्ही दक्षिणेच्या भिंतीवर जाणार असेल तर बंद टीव्हीचा काळा चौकोन मोरपिशीत विरतो. विटकरीत तो भोकासारखा दिसतो.

लादी कोटाची असती तर मी स्वतःच विटकरीला विरोध केला असता, कारण तांबड्याशेजारी कोटाचा हिरवटपणा दुप्पट दिसतो. आयव्हरीला दोन्ही चालतात.

मोजपट्टी

माहीमकरांचा सागवानाचा मुद्दा बरोबर आहे. फक्त इथे दारं पूर्वेच्या भिंतीत आहेत, गडद भिंत दक्षिणेची. दोघांच्या मध्ये फिकट पट्टा किती राहतो ते मोजा. तीन फुटांपेक्षा जास्त असेल तर मिसळायचा प्रश्न फारसा येत नाही.

खोलीचा आकारही बघा. १० बाय १६ लांबट आहे. समोरच्या छोट्या भिंतीवर उबदार गडद रंग आला की ती जवळ आल्यासारखी वाटते, खोली चौकोनी भासते. थंड गडद रंगाने ती मागे जाते, बोगदा लांबतो. माझं मत विटकरीला, या हॉलपुरतं. रुंद हॉल आणि दक्षिणेची खिडकी असती तर उलट सांगितलं असतं.

हवा_दमट

गणपतीचं कोणीच बोललं नाही. दरवर्षी निम्मी मुंबई याच वेळी रंग काढायला निघते आणि वर्षातली सगळ्यात वाईट वेळ हीच.

जुलै-ऑगस्टमध्ये इमल्शन हाताला कोरडं लागतं, आतून नसतं. एरवी दोन हातांच्या मध्ये ४ ते ६ तास पुरतात, आता रात्रभर सोडा. पुट्टी तर दिसायला पांढरी झाली तरी आत ओली असते. तिच्यावर प्राइमर मारून बंद केली की गडद रंगात फुगे येतात, हे ठरलेलं.

गडद रंगाची अजून एक खोड आहे. त्यात स्टेनर भरपूर असतो, आणि स्टेनरमधले साबणासारखे घटक दमट हवेत ओघळून वर येतात. भिंतीवर तपकिरी-पांढरे, चिकट ओघळ दिसतात. लोक म्हणतात रंग फसला. फसलेला नसतो. ओल्या मऊ फडक्याने हलकेच पुसायचे, लागलं तर पुन्हा दोनदा. घासायचं नाही, कारण पूर्ण पक्का व्हायला रंगाला तीन-चार आठवडे लागतात.

गणपतीच्या आधीच करायचं असेल तर दक्षिणेची आतली भिंत आणि छत करा. पश्चिमेची बाहेरची भिंत दसरा झाल्यावर. ऑक्टोबरच्या उन्हासारखं दुसरं ड्रायर नाही. रंग मारताना पंखा बंद, नाहीतर रोलरची ओली कड वाळून पट्टे पडतात. हात संपल्यावर तासाभराने पंखा हळू, आणि एसी असेल तर ड्राय मोडवर. मूर्ती बसवायच्या जागेची भिंत तीच असेल तर मखराची टेप किंवा डबल टेप तिच्यावर चिकटवू नका, रंगासकट येईल.

विक्रोळी_पूर्व

पुठ्ठे चारही वेळांना पाहून झाले, ४००० केल्विनची ट्यूबही लावली. विटकरी ठरला, पट्टीवर एक पायरी धूसर असलेला. मोरपिशी गटाला बेडरूम दिली.

आता शेवटची अडचण. दक्षिणेच्या भिंतीवर वर बीम आहे, तो भिंतीपेक्षा तीन-साडेतीन इंच पुढे आलाय. विटकरी बीमवर घ्यायचा की खाली थांबवायचा? आणि कोपऱ्यात दोन रंगांची रेघ सरळ कशी येणार? आमचे कोपरे सरळ नाहीत.

पुट्टी_प्राइमर

मुंबईत जवळपास प्रत्येक हॉलमध्ये हा बीम असतो, कारण भिंत बीमपेक्षा पातळ. पुढे आलेला असेल तर बीमचा दर्शनी भाग आणि तळ दोन्ही छताच्या पांढऱ्यात ठेवा. विटकरी बीमच्या खाली, जिथे भिंत सुरू होते तिथे संपवा. बीमवर गडद चढवला की ९ फुटांचं छत ८ फुटांचं वाटतं.

कोपऱ्यासाठी ओळंबा सोडा. वरून खालपर्यंत गिलावा पाच-सात मिलीमीटर इकडेतिकडे असणारच. रेघ कोपऱ्याच्या मागे धावली तर वाकडी दिसते. ओळंब्याच्या दोऱ्याने सरळ रेघ पेन्सिलीने आखा, भले ती कोपऱ्यापासून एखाद्या ठिकाणी अर्धा सेंटिमीटर सरकली. डोळ्याला सरळ रेघ दिसते, कोपरा दिसत नाही. बॉलपेन वापरू नका, शाई इमल्शनमधून वर येते.

मग क्रम असा. फिकट रंग आधी, रेघेच्या पलीकडे दोन इंच जाऊ द्या. या हवेत किमान दीड दिवस वाळवा. रेघेवर चांगला मास्किंग टेप लावा, पेंटरकडचा पिवळा खरखरीत नको, आणि अंगठ्याने नव्हे तर पुट्टीच्या पत्तीने कड दाबून बसवा. आता टेपच्या विटकरी बाजूच्या कडेवर फिकट रंगाचाच एक पातळ हात मारा. टेपखाली जो काही झिरपायचा तो फिकट झिरपतो आणि फट बुजते. तो वाळला की विटकरी. शेवटचा हात ओला असतानाच टेप काढा, हळूहळू, ४५ अंशात, गडद बाजूपासून लांब ओढत. पूर्ण वाळू दिला तर रंगाची कातडी टेपसोबत फाटत येते.

टेपसोबत पांढरी पूड आली तर टेपचा दोष नाही. पुट्टी घासल्यावर धूळ पुसलेली नाही. १८० नंबरने घासून, मग ३२० ने, मग ओल्या फडक्याने पुसून एक रात्र सोडायची, मगच प्राइमर. प्राइमरच्या आधी रात्री दिवे बंद करून वायरवरचा बल्ब भिंतीला खेटून फिरवा. ज्या लाटा दिसतील तिथे पेन्सिलीने गोल करा आणि दुसऱ्या दिवशी पेंटरला गोल दाखवा. शब्दात सांगितलं तर ऐकत नाहीत, गोल दिसला की भरतात.

सावली_आणि_प्रकाश

फिनिश मॅट की शीन (हलकी चकाकी), तेही ठरवून घ्या. गडद मॅटवर लाटा लपतात, पण हात-खांदा घासला की तिथे चकाकी येते आणि नखाने पांढरी रेघ उमटते. ही भिंत येण्याजाण्याच्या वाटेवर नाही, मॅट चालेल. मुलं टेकून बसणार असतील तर हलका शीन, पण मग पुट्टी आरशासारखी हवी.

कड आणि रोलर एकाच वेळी चालू द्या. दोन-तीन फूट कड ब्रशने काढायची, लगेच रोलर तिच्यात मिसळायचा. आधी सगळी चौकट ब्रशने काढून जेवायला गेले तर वाळल्यावर भिंतीला फोटोफ्रेमसारखी गडद किनार दिसते आणि ती पुन्हा एक हात दिल्याशिवाय जात नाही.

खडूस_मुलुंडकर

ठेकेदाराशी बोलताना तीन गोष्टी कागदावर घ्या. गडद भिंतीचे हात किती, ते आधी. दर चौरस फुटाला आहे तर दार-खिडकी वजा करून की न करता. आणि पाणी किती मिसळणार. डब्यावर प्रमाण छापलेलं असतं, ब्रँडप्रमाणे बदलतं. तेवढंच, मापाच्या जगने, अंदाजाने नाही. गडद रंगात पाणी जास्त पडलं की झाकण्याची ताकद आधी जाते आणि मग "अजून एक हात लागेल, त्याचे वेगळे" सुरू होतं.

दोन्ही डबे एकाच वेळी टिंट करून घ्या, झाकणावरचा बॅच नंबर जुळवा, आणि घरी आल्यावर दोन्ही एका बादलीत ओतून एकत्र ढवळा. मशीन तेच, शेड कोड तोच, तरी दोन डब्यांत सूक्ष्म फरक असू शकतो आणि तो नेमका भिंतीच्या मध्यावर दिसतो. उरलेला रंग पाणी न घालता लहान डब्यात काठोकाठ भरा. झाकणावर शेड कोड, बेसचं नाव आणि तारीख मार्करने लिहून ठेवा, दुकानातलं टिंटिंगचं स्टिकर वर्षभरात पुसट होतं.